बेस वाजवणाऱ्यानं घरी एकट्यानं नेमकं काय वाजवायचं?

प्रश्न थोडक्यात असा: परभणी जिल्ह्यातल्या एका ऑर्केस्ट्रात नव्यानं बेस गिटार धरलेला एक तरुण विचारतो की, रिहर्सल आठवड्यातून एकदा, आणि लग्नसराईत तीही होत नाही. घरी एकटा बसलो की निस्तं ‘धुम धुम’. दहा मिनिटांत कंटाळा येतो. यूट्यूबवर गाणं लावून सोबत वाजवलं तर सगळं बरोबर येतं, पण रिहर्सलला अंतरा आला की हरवतो. घरात ॲम्प (गिटारचा आवाज मोठा करणारं यंत्र) नाही, शेजाऱ्याची भिंत आमच्या भिंतीला लागून. सराव कसा करू? आणि ॲम्प घेऊ का?

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. तुमची बोटं ठीक आहेत. गाणं लावलं की बरोबर येतं, म्हणजे जागा माहीत आहेत, बोटं पोचतात. अडचण अशी की गाणं तुमच्या डोक्यात नाही, मोबाइलमध्ये आहे. आणि रिहर्सलला मोबाइल वाजत नसतो. दोन नंबरचा (साथीचा) कीबोर्ड, रिदम गिटार, कोरस, साइड रिदम वाजवणाऱ्या सगळ्यांचं हेच होतं. ज्याच्या हातात मुख्य चाल आहे तो सहसा हरवत नाही, कारण चालच त्याला पुढं नेते. साथीच्या भागात चाल नसते. चार मिनिटांत तेच तीन-चार स्वर फिरून फिरून येतात, आणि आपण दुसऱ्या फेरीत आहोत की चौथ्या, हे त्या स्वरांकडं बघून कळत नाही.

रेकॉर्डसोबत वाजवताना फसवणूक होते ती अशी. मूळ रेकॉर्डिंगमधला बेसवाला तुमच्या खाली वाजवतच असतो. तुमचा कान त्याला पकडतो आणि बोट क्षणभर मागून जातं. तो क्षण इतका छोटा असतो की घरी कळत नाही. रिहर्सलला पुढं कोणी नसतं, त्यामुळं तुम्ही ढोलकवाल्याच्या मागून चालता, आणि मग सगळे म्हणतात, बेस ओढतोय. दुसरं म्हणजे रेकॉर्ड कधी बदलत नाही. आपल्याकडचा कार्यक्रम मात्र क्षणाक्षणाला बदलतो. गायकाला दाद मिळाली की मुखडा दोनदाऐवजी चारदा होतो. मंडपात पुढारी आले की अंतरा तोडून गाणं संपवायचं. कोणी बक्षीस दिलं की नाव पुकारून होईपर्यंत म्युझिक फिरवत ठेवायचं आणि मग निवेदकाच्या इशाऱ्यावर परत मुखड्यात यायचं. गणपती असो, नवरात्र असो की एप्रिलमधला भीमगीतांचा कार्यक्रम, रेकॉर्डवर आहे तसं गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत जाईल याची खात्री कोणीच देत नाही.

तुमच्या गावात हरिनाम सप्ताह होतोच. तिथं कीर्तनकाराच्या मागं टाळ धरून उभ्या असलेल्या माणसाकडं एकदा नीट बघा. त्याला कोणी टाळाचा वेगळा भाग शिकवलेला नसतो. त्याला अभंग पाठ असतो. बुवांनी चरण तीनदा घेतला, मधेच दुसऱ्या अभंगाचं प्रमाण दिलं, परत धृपदावर आले, तरी टाळ चुकत नाही. कव्वालीत मागं बसून टाळी देणाऱ्यांचं तेच, गोंधळात तुणतुण्यावर असलेल्याचंही तेच. साथ कशी करायची हे आपल्या भागात गल्लोगल्ली माहीत आहे. हातात गिटार आली की मात्र आपण ते विसरतो आणि ‘माझा पार्ट’ पाठ करायला बसतो. तुम्ही पार्ट पाठ करू नका, गाणं पाठ करा.

म्हणजे प्रत्यक्षात काय करायचं, ते सांगतो.

नवीन गाणं हातात आलं की पहिल्यांदा बेसला हात लावायचा नाही. गाणं ऐका आणि शब्द वहीत लिहून काढा. इंटरनेटवरून उतरवू नका, कानानं ऐकून लिहा. लिहिताना ओळ कुठं वळते, शब्द समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) पडतो की समेनंतर, हे आपोआप लक्षात येतं. मग त्या शब्दांच्या शेजारी गाण्याचा आराखडा मांडा: सुरुवातीचं म्युझिक, मुखडा, पहिलं म्युझिक, अंतरा, मुखड्याकडं नेणारी ओळ (हिला क्रॉस लाइन म्हणतात), परत मुखडा. प्रत्येकापुढं आवर्तनं, म्हणजे ताल किती वेळा पूर्ण फिरतो, मोजून लिहा. केरव्याच्या आठ मात्रा म्हणजे वेस्टर्नच्या हिशोबानं चार ठोक्यांचा एक बार, दर ठोक्याला दोन मात्रा. दादरा असेल तर सहा मात्रांचं आवर्तन. समजा, म्युझिक 8 आवर्तनं, मुखडा 8, अंतऱ्याच्या पहिल्या दोन ओळी 4-4, क्रॉस लाइन 2. असं एका पानावर आलं की बहुतेक गाणी किती साधी आहेत ते दिसतं. जिथं आकडा विचित्र येतो, म्हणजे 4 हवं तिथं 5 किंवा 8 हवं तिथं 7, तिथं लाल पेनानं खूण करा. रिहर्सलला तुम्ही हरवता त्या जागा बहुधा ह्याच निघतील. संगीतकारानं तिथं एक आवर्तन जास्त ठेवलेलं असतं, गायकाला श्वास घ्यायला किंवा व्हायोलिनचा तुकडा पुरा व्हायला.

मग गाणं म्हणायचं. आवाज चांगला नसेना का. पायानं ठेका धरून पूर्ण गाणं, मधल्या म्युझिकसकट, तोंडानं. म्युझिकचा तुकडा ‘ला ला’ करून म्हणा. हे नीट झालं की बेस घ्या आणि प्रत्येक आवर्तनाच्या समेवर फक्त एकच स्वर वाजवत गाणं म्हणा. तोंडानं चाल आणि हातानं साथ हे पहिल्या दिवशी जमत नाही. शब्द आडवे जातात, हात शब्दांच्या मागं धावतो. म्हणूनच एकच स्वर. तो जमला की दोन करा, मग खरा पार्ट. कार्यक्रमात तुम्हाला गायचं नाहीच. पण गाता गाता वाजवता आलं तर गायक कुठंही वळला तरी तुम्हाला ते आतून ऐकू येत राहतं.

यूट्यूब मी बंद करायला सांगत नाही. त्याचा उपयोग उत्तरपत्रिका तपासायला करा. गाणं लावा, मुखडा सोबत वाजवा, आणि अंतरा सुरू होताच आवाज शून्य करा. वाजवत राहा. तुमच्या हिशोबानं मुखडा परत आला की आवाज वाढवा. गाणं आणि तुम्ही एकाच जागी असाल तर ठीक. पुढं गेला असाल तर तुम्ही पळता, मागं असाल तर ओढता, आणि वेगळ्याच ओळीत असाल तर आराखडा डोक्यात बसलेला नाही. तीन वेगवेगळी दुखणी, तिन्हींचा इलाज वेगळा, आणि सोबत वाजवून यातलं एकही कधी कळलं नसतं. सुरुवातीला चारच आवर्तनं आवाज बंद ठेवा, मग पूर्ण अंतरा, मग अंतरा अधिक म्युझिक. मला एकाच व्यायामाचं नाव सांगायला लावलं तर मी हाच सांगेन.

आता ‘निस्तं धुम धुम’बद्दल. कंटाळा येतो, कारण तुम्ही स्वर फक्त सुरू करता; तो संपवायचा कुठं, याकडं लक्षच नाही. बेसमध्ये निम्मं काम स्वर बंद करण्याचं असतं. केरव्याचा ठेका तोंडानं म्हणा: धा गे ना ति, न क धि न. आता पहिल्या मात्रेच्या ‘धा’वर स्वर द्या, सातव्या मात्रेच्या ‘धि’वर दुसरा, आणि ‘न क’ येईपर्यंत पहिला स्वर बंद झालेला पाहिजे, डाव्या हाताचं बोट तारेवरून न उचलता फक्त दाब सैल करून. तबल्याचा डग्गा जिथं घुमतो तिथं बेस घुमायचा, डग्गा जिथं गप्प तिथं बेस गप्प. एवढं केलं की तेच दोन स्वर नाचायला लागतात. बंद न करता वाजवून बघा, म्हणजे फरक कळेल. ढोलक आणि बेसचा चिखल होतो. मंडपातल्या मोठ्या स्पीकरवर तो चिखल आणखी वाढतो, आणि साउंडवाला सरळ तुमचा आवाज कमी करून मोकळा होतो.

ठेका तोंडानं म्हणत वाजवायची सवय ठेवा. पण एक लक्षात असू द्या, तुमचा ढोलकवाला पुस्तकातला केरवा वाजवत नाही. प्रत्येकाचा हात वेगळा. पुढच्या रिहर्सलला त्याच्याजवळ मोबाइल ठेवून त्याचा प्रत्येक ठेका मिनिटभर रेकॉर्ड करून घ्या, एकट्या ढोलकचा. कोणी नाही म्हणत नाही, उलट बरं वाटतं. गायकालाही विनंती करा की जी गाणी तुम्हाला अडतात ती तुमच्या ग्रुपच्या पट्टीत (तुम्ही सा जिथं धरता तिथून), बाकी काही न वाजवता, म्हणून व्हॉइस मेसेजवर पाठवा. हे दोन तुकडे मिळाले की यूट्यूबपेक्षा कितीतरी चांगलं साहित्य हातात आलं. गायक कुठं श्वास घेतो, कुठं ओळ लांबवतो, कुठं घाई करतो, हे त्याच्या मोकळ्या आवाजातच कळतं. आणि त्या रेकॉर्डिंगमध्ये बेस नसल्यानं तुम्हाला कोणाच्या मागं लपता येत नाही. गाण्यातून बेस किंवा गायकाचा आवाज वेगळा काढून देणारी ॲप आता आली आहेत, तीही वापरा, फक्त काढलेल्या वाद्याची थोडी सावली मागं राहते हे ध्यानात ठेवा.

पट्टीचा मुद्दा यातूनच येतो. मूळ गाणं गायिकेचं, काळी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून. तुमचा गायक ते काळी एकमध्ये म्हणतो. कीबोर्डवाला ट्रान्सपोजचं, म्हणजे पट्टी बदलायचं, बटण दाबतो. बेस गिटारला असं बटण नाही. घरी तुम्ही रेकॉर्डच्या पट्टीत घोटलं आणि रिहर्सलला पट्टी बदलली की बोटांची सगळी पाठांतरं पाण्यात. इथं आपल्या सरगमचा मोठा फायदा आहे. पार्ट इंग्रजी अक्षरांत लिहू नका, सा-म-प-ध असा लिहा. जिथं सा धराल तिथून पुढचं सगळं ठरलेलं आहे: त्याच फ्रेटला (मानेवरच्या आडव्या पट्टीला) शेजारच्या पातळ तारेवर म, त्याच तारेवर तिथून दोन फ्रेट पुढं प, सा च्याच फ्रेटला शेजारच्या जाड तारेवर मंद्र (खालच्या सप्तकातला) प, आणि सा असलेल्या तारेवरच तीन फ्रेट मागं मंद्र ध. काळी एकचा सा दुसऱ्या जाड तारेवर चौथ्या फ्रेटला मिळतो, काळी चारचा सर्वांत जाड तारेवर चौथ्यालाच. आकार तोच, एक तार सरकली. पण बघा, काळी चारमध्ये मंद्र प घ्यायला खाली तारच उरत नाही, तो वर घ्यावा लागतो, आणि पार्टचा रंग बदलतो. हे घरी कळलेलं बरं. म्हणून प्रत्येक गाणं तीन पट्ट्यांत वाजवून ठेवा: तुमच्या गायकाची, तिच्या एक स्वर खालची आणि एक स्वर वरची. घसा बसलेल्या दिवशी गायक स्टेजवर चढता चढता सांगतो, ‘आज एक स्वर खाली’, आणि तेवढ्यात निवेदकानं गाण्याचं नाव पुकारलेलंही असतं.

ऐकू येण्याचा प्रश्न. बेसच्या चार मोकळ्या तारांची कंपनं सेकंदाला साधारण 41, 55, 73 आणि 98. मोबाइलचा एवढासा स्पीकर इतक्या खालच्या लहरी जवळजवळ देतच नाही. तुम्हाला ऐकू येतो तो त्यांच्या वरच्या स्वरांशांचा पुसट आवाज, आणि मेंदू उरलेलं भरून घेतो. त्यामुळं मोबाइलच्या स्पीकरवर ऐकून बसवलेला बेस पुष्कळदा चुकीच्या सप्तकात जातो, किंवा प आहे तिथं सा धरला जातो. वायरचा हेडफोन लावा, शक्यतो कान झाकणारा. वेग 0.75 करून ऐका. यूट्यूबवर ती सोय आहे आणि त्यात पट्टी बदलत नाही. तरी ऐकू येत नसेल तर पट्टी वर नेणाऱ्या ॲपमध्ये गाणं एक सप्तक वर चढवा. आवाज कार्टूनसारखा होतो, पण बेसची ओळ स्वच्छ दिसायला लागते.

ब्लूटूथबद्दल लोकांत गोंधळ आहे. गाणं ब्लूटूथवर ऐकत तुम्ही बिनॲम्पचा बेस वाजवत असाल तर काही बिघडत नाही. गाणं उशिरा येतं, तुम्ही त्या उशिरा आलेल्या गाण्यालाच धरता. पण तुमच्या वाद्याचाच आवाज ब्लूटूथ स्पीकरमधून किंवा इअरबड्समधून काढलात तर संपलं. तिथं सेकंदाचा दहावा-पाचवा हिस्सा उशीर सहज होतो, कधी त्याहून जास्त. मिनिटाला 120 ठोक्यांच्या लयीत एक ठोका अर्ध्या सेकंदाचा असतो. वाजवलेलं इतक्या उशिरा कानावर आलं की हात आपोआप लय मोडतो.

ॲम्पशिवाय वाजवायचा जुना उपाय: गिटारचं डोकं, म्हणजे खुंट्यांची बाजू, लाकडी कपाटाच्या दाराला किंवा टेबलाला टेकवून धरा. लाकूड कंप घेतं आणि आवाज आश्चर्य वाटावं इतका भरतो. लोखंडी कपाटाला टेकवू नका, ते खडखडतं. गिटारची मान वाकेल असा जोर मात्र द्यायचा नाही, नुसतं टेकवायचं. लोडशेडिंगमध्ये तर हाच एक मार्ग. आणि शेजाऱ्याला काही ऐकू जात नाही. बिनॲम्पच्या सरावाचा एकच तोटा: आवाज यावा म्हणून उजवा हात जोरात मारायला शिकतो, आणि स्टेजवर तोच हात नको तितका जड पडतो. कपाट किंवा हेडफोन वापरा आणि हात हलका ठेवा. पत्र्याच्या घरात एप्रिल-मेमध्ये गिटार दुपारी आणि रात्री वेगवेगळी लागते; दर वेळी ट्यूनर ॲपवर स्वर मिळवूनच बसा, नाहीतर कान खोट्या स्वराला सरावतो.

मेट्रोनोम (ठरावीक लयीत टिकटिक करणारं यंत्र किंवा ॲप) सगळेच सांगतात, मी वापरायची पद्धत सांगतो. गाण्याची लय 120 असेल तर मेट्रोनोम 60 वर ठेवा आणि त्याचा टिक दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्याला आहे असं धरा. पहिला आणि तिसरा ठोका तुम्ही स्वतः सांभाळायचा. जमलं की 30 वर आणा, आता पूर्ण बारला एकच टिक. मधली सगळी जागा तुमची जबाबदारी. सुरुवातीला टिक कुठं पडेल याची धास्ती वाटते, आणि टिक बरोबर आपल्या स्वरावर पडला की जो आनंद होतो तो रेकॉर्डसोबत वाजवून कधी मिळत नाही. हे एखाद्या सोप्या गाण्याच्या मुखड्यावर रोज पाच मिनिटं करा. पूर्ण गाणी मेट्रोनोमवर घासायची गरज नाही.

थांबायच्या जागा वेगळ्या बसवा. बेसला गाण्यात बऱ्याच ठिकाणी काहीच वाजवायचं नसतं: सुरुवातीचा आलाप, अंतऱ्यातली एखादी मोकळी ओळ, शेवटाआधीचा स्टॉप. नवीन वादक या जागा सरावात गाळतो, कारण तिथं करायला काही नाही, असं त्याला वाटतं. मग स्टेजवर शांतता आली की घाबरून अर्धी मात्रा आधीच स्वर टाकतो, आणि बेसचा चुकलेला स्वर सगळ्या मंडपाला ऐकू जातो. कोरसमधला चुकलेला आवाज एक वेळ झाकतो, हा झाकत नाही. त्या जागा घरी पूर्ण वेळ घेऊन, तारांवर हात ठेवून, मनात गाणं म्हणत काढा. आलापानंतर प्रवेश कधी, हे मोजून कळत नाही. तिथं कान गायकाच्या शेवटच्या शब्दावर आणि ढोलकच्या उठाणीवर (ठेका सुरू करणाऱ्या तुकड्यावर) ठेवायचा असतो. म्हणून त्या व्हॉइस मेसेजचा आग्रह धरला. गायकाच्या आवाजातून तुम्ही आत येऊन बघा, चार-पाच वेळा, दर वेळी पहिला स्वर ठाम. पहिलाच स्वर लाजत आला तर पुढचं आवर्तन सावरण्यात जातं.

रोज किती वेळ, असं तुम्ही विचारलं नाही, पण विचारणार आहात. पाऊण तास पुरतो, जर त्यात आधीच येत असलेली गाणी पुन्हा पुन्हा वाजवली नाहीत तर. कार्यक्रमात पंचवीस-तीस गाणी असतात. त्यातली बरीचशी तुम्हाला झोपेतही येतात. वही उघडा आणि लाल खुणा असलेल्या जागा तेवढ्या घ्या. एक जागा म्हणजे साधारण चार आवर्तनं: अडतं त्याच्या दोन आधीची, दोन नंतरची. चूक बहुतेक वेळा दोन भागांच्या जोडावर होते, भागाच्या मध्यात नाही. म्युझिक संपून अंतरा लागतो तिथं, किंवा मेडलेत (सलग जोडून वाजवलेल्या गाण्यांत) एक गाणं संपून दुसरं लागतं आणि लय 96 वरून एकदम 130 होते तिथं. मेडलेचे जोड रोज एकदा तरी काढा. पहिल्या गाण्याची शेवटची ओळ म्हणता म्हणता मनात दुसऱ्याची लय सुरू झाली पाहिजे. हे एकट्यानंच शिकता येतं. रिहर्सलला जोड दोनदा होतो आणि सगळे चहाला उठतात.

दोन नंबरच्या कीबोर्डवाल्यांसाठी थोडं. तुमचं काम बहुधा स्ट्रिंग्ज आणि कॉर्ड धरून ठेवायचं. हात उड्या मारत असेल तर ऐकणाऱ्याला कॉर्ड बदलताना धक्का बसतो. सा-ग-प वरून म च्या कॉर्डवर जाताना सा तसाच ठेवा आणि सा-म-ध धरा. तिथून प च्या कॉर्डवर जाताना मंद्र नि-रे-प. बोटं जेमतेम सरकतात आणि आवाज सलग राहतो. आणि गायकाच्या चालीवर चाल वाजवू नका. एक नंबरवाला वाजवत असेल तर त्याच सप्तकात तर मुळीच नाही.

ऐकायचं काय, तर साथ वाजवणाऱ्यांनाच ऐका. आर. डी. बर्मन यांच्याकडं टोनी वाझ बेस वाजवत. त्या काळातली गाणी हेडफोनवर लावून फक्त बेसकडं कान द्या. शंकर-जयकिशन यांचे अरेंजर सेबॅस्टियन डिसूझा गायकाच्या ओळीखाली व्हायोलिनची दुसरी ओळ इतक्या बेताने ठेवत की गायकाचा शब्द कुठंच दबत नाही. गायक बोलतो तेव्हा वाद्य काय करतं आणि गायक थांबला की काय करतं, एवढंच टिपा. याला सराव म्हणतात हे घरच्यांना पटणार नाही, पण हा सरावच आहे.

आठवड्याला एकदा परीक्षा घ्या. मोबाइलवर फक्त तुमचा बेस रेकॉर्ड करा, पूर्ण गाणं, सोबत काहीही न लावता. त्याच दिवशी ऐकू नका, त्या दिवशी आपण काय वाजवलं ते आठवत असतं आणि कान आपल्या बाजूनं बोलतो. दुसऱ्या दिवशी लावा आणि त्यावर गाणं म्हणून बघा. अंतरा कुठं लागला हे नुसत्या बेसवरून कळलं, म्हणताना कुठं धाव घ्यावी लागली नाही की थांबावं लागलं नाही, तर गाणं बसलं. घरात कोणी म्हणणारं असेल, आई भजनी मंडळात जात असेल, तर एखाद्या अभंगाचा बेस रेकॉर्ड करून तिला त्यावर म्हणायला सांगा. ती एका चरणातच सांगेल की तुम्ही पळताय.

ॲम्पचं राहिलं. आत्ता घेऊ नका. घरात तो तुम्हाला पूर्ण आवाजात वाजवता येणार नाही, आणि स्टेजवर आपल्याकडं बेस बहुधा डीआय बॉक्समधून (गिटार मिक्सरला जोडायच्या छोट्या डबीतून) सरळ साउंडवाल्याच्या मिक्सरला जातो. आधी कान झाकणारा वायरचा हेडफोन घ्या, मग गिटारच्या जॅकमध्ये थेट बसणारा छोटा हेडफोन ॲम्प. त्यातल्या बऱ्याच मॉडेलना मोबाइल वायरनं जोडायची जागा असते, म्हणजे गायकाचा व्हॉइस मेसेज आणि तुमचा बेस एकाच कानात, उशीर न होता. उरलेल्या पैशात तारांचा एक जादा संच घेऊन ठेवा, कारण बेसची तार तुटली तर तालुक्याच्या गावी ती मिळेलच असं नाही. मोठा ॲम्प गणपतीचे पैसे हातात आल्यावर बघा, आणि तेव्हाही आधी साउंडवाल्याला विचारून.